कमी निघालेली लटी

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर मला ओळखणारी दोन-चार माणसं अजून तिथं आहेत, आणि त्यांना वाटतं की कोकिळाबाई फार चांगली मास्तरीण होती. वाटू दे. पुलगावहून आर्वीकडे छोटी गाडी जायची, मधल्या एका स्टेशनावर उतरायचं आणि मग तीन कोस बैलगाडीनं, एवढं पुरे. साल चोपन्न होतं. शाळा बुनियादी होती, म्हणजे आधी टकळी आणि मग पाटी. कवेलूच्या छपराची एक खोली, चार वर्ग, बासष्ट मुलं आणि मी एकटी.

माझी नेमणूक कच्ची होती. दोन वर्षं झाली की डिप्टीसाहेब येणार, तपासणी करणार, आणि त्यांनी लिहिलं तर मी कायम, नाही तर पुलगावला दिराच्या घरी परत. नवरा गेल्यावर मी त्या घरी वर्षभर भाकरी थापल्या होत्या. जाऊबाईंचा तोंडाचा पट्टा आणि चुलीचा धूर, दोन्ही पुरेसे झाले होते. पण ही माझी गोष्ट नाही. जिजाची आहे. माझी मी उगाच सांगते, म्हणजे तुम्हाला माझी थोडी दया यावी. ही खोड जुनी आहे.

जिजा पुनाजी मडावी. गोंडांच्या टोल्यावरची, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतली. नऊ वर्षांची, दुसरीत, तेही दुसऱ्यांदा. पहिल्या वर्षी मीच नापास केलं होतं. घरी त्यांची बोली वेगळी. शाळेत आली की ओठ शिवल्यासारखे. वाचायला उभी केली की पुस्तकाकडे बघे, माझ्याकडे बघे, आणि उभीच राही. दोन मिनिटं झाली की माझं डोकं फिरायचं. साठ पोरं कलकलत असताना कुणाच्या तोंडातून शब्द पडायची वाट कोण बघत बसेल? "बस खाली," म्हणायचं आणि पुढच्याला उठवायचं. तिला वाचता येतं की नाही हे मला ठाऊकच नव्हतं. मी 'नाही' लिहून मोकळी झाले होते.

मोजण्याचं मात्र वेगळं होतं. मुलं टकळीवर सूत काढत आणि लाकडी अटेरनावर गुंडाळत. अटेरनाचा एक फेरा म्हणजे चार फूट, त्याला एक तार म्हणायचं. असे एकशे साठ तार झाले की उतरवून पीळ द्यायचा, ती एक लटी. सगळं गणित त्यातूनच शिकवायचं असा नियम. प्रत्येक मुलानं आपले तार आपण मोजायचे, शेकडा-दशक-एकक तिथंच समजावून घ्यायचं. कागदावर फार सुरेख. प्रत्यक्षात बबन शंभरावर गेला की एकशे दहावरून एकशे तीसवर उडी मारी, आणि कांताचं अर्धं लक्ष वेणीत. वर्ध्याच्या कताई केंद्रात लट्या पाठवल्या की निम्म्या परत यायच्या, वर चिठ्ठी: तार कमी.

एका शनिवारी मी पाहिलं, जिजा आपली लटी मोजत होती. वीस तार झाले की एक चिचोका उजवीकडे. पुन्हा वीस, पुन्हा एक चिचोका. ओठ हलत होते, तिच्या बोलीत. आठ चिचोके झाले आणि तिनं गाठ मारली. त्यांच्या टोल्यावर सगळं विसाविसानंच मोजत; पानांचे जुडगे असोत की बकऱ्या. मी तिची लटी पुन्हा मोजली. एकशे साठ. दुसरी मोजली. एकशे साठ.

मग मी काय करायला हवं होतं? तिला पुढं आणून वर्गाला दाखवायला हवं होतं की बघा, असं मोजतात. आठ विसा म्हणजे एकशे साठ, याच्याहून सुरेख धडा कुठल्या पुस्तकात आहे? मी काय केलं तर सगळ्यांची अटेरनं तिच्यापुढं ठेवली. "जिजा, तू मोज गं." झालं. त्या शनिवारपासून शाळेतली प्रत्येक लटी जिजा मोजायची आणि बाकीची पोरं आट्यापाट्या खेळायची. वर्ध्याहून एकही लटी परत आली नाही. उलट कौतुकाची चिठ्ठी आली: आपल्या शाळेतील मुलांचा हिशेब पक्का आहे. ती मी भिंतीवर चिकटवली. मुलांची प्रगती टिपायच्या पाहणीच्या वहीत गणिताखाली जिजापुढं मात्र 'कच्ची' लिहिलेलं होतं तसंच राहिलं, कारण विचारलं की ती बोलत नसे.

तपासणी फेब्रुवारीत ठरली. डिप्टीसाहेब तेव्हाच तोंडी परीक्षा घेऊन वरच्या वर्गात कोणाला घालायचं ते सांगत. गैरहजर मुलांचा निकाल मास्तरांच्या मतावर. या शेवटच्या नियमाचा फायदा जिल्ह्यातली प्रत्येक शाळा घेई. कच्ची पोरं त्या दिवशी घरी ठेवायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे, मलाही वाटलं नाही.

आठ मुलांच्या घरी निरोप दिले. पुनाजीकडे मी स्वतः गेले. तो अंगणात दोर वळत होता. उठून उभा राहिला.

"उद्या जिजाला पाठवू नका," मी म्हटलं. "साहेब येणार आहेत."

"काऊन बाई? काही केलं का पोरीनं?"

"काही नाही केलं. बोलत नाही ना ती. साहेबांपुढं उभी राहिली तर नापासच होईल. घरी राहिली तर मी माझ्या हातानं पास करते."

पुनाजीनं हातातला दोर खाली ठेवला. मग म्हणाला, "बाई, म्या तिले सांगतलं हाय. या साली पास झाली तं चवथीपर्यंत शिकवतो. नाई झाली तं चाल पराटीत कापूस वेचाले, मायसंगं. दोन साल झाले, तिची माय रोज बोलून राह्यली. पास होईन ना?"

"झालीच म्हणून समजा."

जिजा दारात उभी होती. हसली. मी तिला हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

साहेब बैलांच्या दमणीतून आले. मोतीलालसाहेब, जबलपूरकडचे, मराठी बोलत पण मध्येच हिंदीत घसरत. अंगानं किरकोळ, कोट जुना, बोलणं हळू. मी मनात म्हटलं, हा माणूस मऊ आहे, निभावेल. मी मुलांना घेऊन बाहेर अंगणात स्वागताचं गाणं म्हणवून घेत होते तेव्हा साहेब आत एकटेच फिरत होते, फळा बघत, पाट्या बघत, लट्यांचा ढीग बघत. गाणं सात कडव्यांचं होतं. मीच वाढवलं होतं.

वाचन झालं. पहिल्या बाकावरच्या मुलांना धडे पाठ होते. साहेबांनी पुस्तक उघडायच्या आधीच बबन सुरू झाला. साहेबांनी पुस्तक बाजूला ठेवलं. मग त्यांनी ढिगातली एक लटी उचलली.

"वर्ध्यात आपल्या शाळेची बहुत तारीफ ऐकली," ते म्हणाले. "बेटी, ही लटी मोजून सांग."

कांतानं लटी घेतली. दोन हातांत ताणली, तारांवरून बोटं फिरवली, ओठ हलवले. मोठ्या तोऱ्यात म्हणाली, "एकशे साठ."

साहेबांनी बबनला दिली. त्यानं तर बोटंही नीट फिरवली नाहीत. "एकशे साठ!" तिसऱ्या मुलाला दिली. आता सगळा वर्गच ओरडला, "एकशे साठ, एकशे साठ!" लटी म्हणजे एकशे साठ, हे त्यांना रामाच्या बायकोचं नाव सीता इतकं पक्कं ठाऊक होतं. त्यात मोजायचं काय?

साहेब खाली बसले. लटी गुडघ्यावर टाकली आणि मोजायला लागले. मोठ्यानं, एकेक तार. मुलं आधी हसली, मग गप्प झाली. शंभर झाले. एकशे वीस झाले. एकशे चाळीसला साहेबांचं बोट थांबलं. पुढं तार नव्हता.

"एकशे चाळीस," ते म्हणाले. माझ्याकडे पाहिलं. "बाई, ही कुणी मोजली होती?"

त्या क्षणी मी लटी हातात घेऊन म्हणू शकत होते, बघते साहेब. म्हणू शकत होते, ठाऊक नाही. काहीही म्हणू शकत होते. पण माझ्या डोळ्यांपुढं जाऊबाईंची चूल उभी राहिली आणि तोंडातून पटकन निघालं:

"जिजा म्हणून एक मुलगी आहे, साहेब. आज गैरहजर आहे. मोजायचं काम तिच्याकडे दिलं होतं. कच्ची आहे गणितात. तिच्यामुळंच घोळ झालेला दिसतो. आमची बाकीची मुलं तशी चांगली आहेत."

वड्याचं तेल वांग्यावर काढणं म्हणतात ते हे. आणि वांगं तिथं हजरही नव्हतं. मी एवढ्यावर थांबले नाही. पाहणीची वही काढली, जिजाच्या नावापुढचं 'कच्ची' साहेबांना बोट ठेवून दाखवलं. माझंच अक्षर, माझीच साक्ष.

चाळीस-पन्नास पोरं ऐकत होती. साहेबांनी वही पाहिली, बंद केली, मुलांना सुट्टी द्यायला सांगितलं. पोरं ओरडत पळाली. टोल्यावरचीही त्यात होती.

साहेब बराच वेळ शेरेबुकात लिहीत बसले. मी चहा केला, त्यांनी अर्धा पिऊन ठेवला. जाताना शेरेबुक माझ्या हातात देऊन म्हणाले, "मी गेल्यावर वाचा." दमणी वळणाआड जाईपर्यंत मी पदर सावरून हात जोडून उभी होते. मग आत येऊन उघडलं. पानात सुताची लहानशी गुंडाळी होती. खाली लिहिलं होतं:

'सदर लटीतील वीस तार मी स्वतः काढून घेतले होते. लटी मूळची पुरी होती. मुलांनी मोजले नाही. बाईंनीही मोजले नाही. ज्या मुलीला दोष दिला गेला तिला मी पाहिलेले नाही; तिचा निकाल बाईंनी द्यावा. बाई मेहनती आहेत. कायम नेमणुकीस हरकत नाही.'

मी ते तीनदा वाचलं. शेवटच्या ओळीनं आधी जीव भांड्यात पडला, हे खरं सांगते. आधी तो पडला, आणि मग लाज वाटली. उलट क्रम असता तर मी आज हे लिहीत बसले नसते. तो माणूस मला रागावला असता, त्यानं नोकरीवरून काढलं असतं, तर मी त्याला चार शिव्या घालून सुटले असते. त्यानं मला पास केलं. न मोजता.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकालपत्रकात पहिलं नाव जिजाचं लिहिलं. दुसरी पास. मग ते पत्रक घेऊन निघाले. वाटलं, आनंदाची बातमी सांगायची, तिच्या पाठीवरून हात फिरवायचा, झालं गेलं गंगेला मिळेल. पाप झाकायला माणूस किती लवकर पंचांग उघडून मुहूर्त काढतो!

टोल्यावर कुणी नव्हतं. सगळे पराटीत, शेवटच्या वेच्याला. तिथं गेले. जिजा आईच्या मागं ओळीत होती, कमरेला ओटी बांधलेली, हात कापसात. पुनाजी बांधावर गाठोडी बांधत होता. मला पाहून उठला.

"पास झाली," मी लांबूनच म्हटलं. "जिजा पास झाली."

पुनाजीनं पोरीकडे पाहिलं. "बाई, ते कालपासून काई बोललीच नाई. पोट्टे आलते. म्हणत होते बाईनं सायेबापुढं नाव घेतलं, जिजानं मोजलेली लटी कमी निंघाली."

जिजा ओळीतून बाहेर आली. माझ्यापुढं उभी राहिली. आणि माझ्याशी, दोन वर्षांत पहिल्यांदा, न विचारता बोलली.

"मले मोजता येत नाई तं पास कशी झाली, बाई?"

"येतं गं तुला," मी म्हटलं. "ती साहेबांची गंमत होती. त्यांनी स्वतःच वीस तार काढून ठेवले होते. तुझी लटी बरोबर होती."

ती विचार करत राहिली. मी तिच्या ओठांकडे बघत होते. वर्गात ती अशीच उभी राहायची. आता कळलं की त्या वेळात तिथं काही चाललेलं असायचं.

"तुमी मोजली होती का?"

"नाही."

"मंग तुमाले कसं समजलं का मी चुकली?"

साधा प्रश्न. असा प्रश्न विचारणारं एक पोर माझ्या शाळेत होतं आणि मी त्याला साहेबांपासून लपवून ठेवलं होतं. उत्तरही साधं होतं. समजलं नव्हतं, बाळ, मी भ्याले होते आणि खोटं बोलले. एवढे आठ-नऊ शब्द. पण समोर तिचा बाप उभा, आई वेचता वेचता थांबलेली, आणखी चार बाया कान देऊन. आणि मी, लाजेनं मरायला हवं होतं तिथं, चिडले.

"मोठ्या माणसांना असे उलटे प्रश्न विचारतात का?" मी म्हटलं. "पास केलं त्याचं काही नाही!"

चोराच्या उलट्या बोंबा. पुनाजी घाईघाईनं म्हणाला, "चुकली बाई, लायनी पोर हाय. माफी माग वं." तिनं मान खाली घातली आणि काहीतरी पुटपुटली. माफीच असेल. मग पुन्हा ओळीत गेली. पुनाजीनं मला लोट्यातून पाणी दिलं. मी ते प्यायले.

एप्रिलमध्ये माझ्या कायम नेमणुकीचा कागद आला. जुलैत शाळा उघडली. तिसरीच्या पटावर जिजाचं नाव लिहिलं होतं. रोज हाक मारायची, रोज कुणीतरी म्हणायचं, "नाई आली." पंधरा दिवसांनी पुनाजी बाजाराच्या वाटेवर भेटला.

"म्या नाई रोखली, बाई," तो म्हणाला. "पास झाली तं शिकवतो म्हणलं होतं, अजून म्हणतो. तेच येत नाई. म्हणते मले येत नाई, उगी पास केलं. मायबी म्हणते, मंग राहू दे."

"मी येऊन बोलते तिच्याशी," मी म्हटलं. गेले नाही. आज पाऊस, उद्या मीटिंग, परवा डोकं दुखतं. खरं म्हणजे तो प्रश्न ती पुन्हा विचारेल याचंच भय होतं. लट्या पुन्हा परत येऊ लागल्या. मी भिंतीवरची चिठ्ठी काढून टाकली आणि त्या वर्षी दर शनिवारी स्वतः बसून सगळ्या पोरांकडून मोजून घेतलं, विसाविसानं. ही पद्धत बाईंनी काढली, असं पोरं घरी सांगत. मी ते खोडून काढलं नाही.

तीन महिने गैरहजर राहिलेल्या मुलाचं नाव पटावरून कमी करायचं असतं. शेवटच्या रकान्यात कारण लिहायचं आणि पालकाचा अंगठा घ्यायचा. ऑक्टोबर संपता संपता मी ते पान पुढं घेऊन बसले. कारण काय लिहू? खरं लिहायला रकाना लहान नव्हता. पण ते पान वरती तपासायला जातं. मी टाक बुडवला आणि सगळे लिहितात ते लिहिलं.

संध्याकाळी पट आणि शाईची डबी घेऊन टोल्यावर गेले. पुनाजी अंगणात होता. जिजा ओसरीवर ज्वारी निवडत होती. उंच झाली होती. माझ्याकडे पाहून उठली, पण जवळ आली नाही.

"इथं अंगठा हवा," मी पुनाजीला म्हटलं.

त्यानं धोतराला बोट पुसलं. पानाकडे पाहिलं. "काय लिवलं हाय बाई?"

"काही नाही. नियमाचं असतं."

"जिजा," त्यानं हाक मारली, "ये वं, पाय बरं काय लिवलं."

मला पट बंद करता आला असता. हात उचललाच नाही. जिजा आली, खाली बसली. रकान्याशी बोट ठेवलं. बराच वेळ काहीच बोलली नाही. मी पहिल्यांदाच तिच्यासाठी थांबले. मग ती वाचायला लागली, सुटं सुटं, एकही अक्षर न चुकता.

"मु-ली-ला... शि-क्ष-णा-ची... आ-व-ड... ना-ही."

पुनाजीनं मान डोलावली. कशाला, कोण जाणे. बहुतेक त्याला फक्त एवढंच दिसलं की पोरगी वाचते.

जिजा पानावरून नजर काढून माझ्याकडे बघत होती. राग नव्हता. वर्गात पुस्तक हातात घेऊन बघायची तसंच बघत होती.

"बरोबर वाचलं का, बाई?"

"बरोबर," मी म्हटलं.

पुनाजीनं अंगठा उठवला.